गुरुवारी तीन ते पाच

डॉक्टरांशी बोलून आलो की माझी मान दुखायची. हा माणूस कधी कुणाच्या समोर उभा राहिलाच नाही. बोलायला आला की तुमच्या उजव्या हाताला येऊन थांबायचा आणि तुमच्याकडे न बघता, तुम्ही जिकडे बघताय तिकडेच बघत बोलायचा. तुम्ही तोंड त्यांच्याकडे वळवलं की तेही तेवढेच वळायचे. मी व्यापारी माणूस. समोरच्याच्या डोळ्यांत बघितल्याशिवाय मला भाव करता येत नाही.

खुर्ची दिली तर तिच्या पाठीवर हात ठेवून उभे. चहा बशीत ओतून, उभ्यानेच, आणि तोही निम्मा ठेवायचे. खिशात हातभर दोरी असायची. बोलता बोलता तिला गाठ मारायची, सोडायची, परत मारायची. एका जागी पाच मिनिटं झाली की पाय हलायला लागायचे आणि मग या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या सुरू. बघणाऱ्याला घेरी यायची.

डॉक्टर म्हणजे जनावरांचे. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेले, आणि खरं सांगायचं तर पदवीने डॉक्टरही नव्हेत. पण इंदापूर आणि बारामती तालुक्यांतल्या निम्म्या गोठ्यांना त्यांचा हात लागलेला, त्यामुळे लोकांनी त्यांना डॉक्टर करून टाकलं होतं. मोपेडला दुधाची किटली आणि औषधांची पिशवी निवृत्तीनंतरही तशीच लटकलेली.

मी इंदापूरच्या मार्केटात क्रेट उचलत वर आलो. आज कळसजवळ रस्त्याला लागून माझं स्वतःचं डाळिंबाचं शेड आहे. बागेतून माल येतो, टेबलावर निवडला जातो, क्रेटमध्ये भरून गाडीत चढतो. यातलं काहीही मला कुणी दिलेलं नाही. म्हणून मला कुणी फसवलं की राग येतो, आणि फसवणारा चांगला माणूस असला की जास्त येतो.

एका दुपारी डॉक्टर आले आणि माझ्या उजव्या हाताला उभे राहिले.

"शेठ, गुरुवारी दुपारी तुमचं शेड मोकळं असतं का?"

"मोकळं कशाला असंल? माल असतो. गाडी नसते फक्त."

"मालासकटच पाहिजे. सात-आठ पोरं-पोरी हायत गावातली, आजूबाजूची. तीन ते पाच येतील, माल निवडतील."

"हजेरी काय घेतील?"

"काय न्हाय."

मी मान वळवली. तेही वळले. बिनपैशाचे सोळा हात दारात आले होते आणि आणणारा माणूस माझ्याकडे बघतही नव्हता. यात खोट कुठे आहे ते मला सापडेना, म्हणून मी म्हणालो, "चहा तुमच्याकडं."

"चहा तुमचा, दूध माझं," डॉक्टर म्हणाले आणि किटली टेबलावर ठेवून निघून गेले. सौदा माझ्याच फायद्याचा झाला होता, तरी संध्याकाळभर मला चैन पडलं नाही.

पहिल्या गुरुवारी कळलं. मुलं निवडत होती, पण निवडण्यात लक्ष कुणाचंच नव्हतं. तडकलेली फळं एक नंबरात, डाग पडलेली एक नंबरात. एक पोरगी खाली मान घालून फळ पुसत काहीतरी बोलत होती आणि बाकीचे हात चालू ठेवून ऐकत होते. मी क्रेट बघितला आणि ओरडलो. सगळ्यांचे हात थांबले.

डॉक्टरांनी माझ्या कोपराला धरलं, गाय खुंट्याला नेतात तसं बाहेर नेलं आणि शेडाभोवती एक चक्कर मारायला लावली.

"फळं तुमची, राग तुमचा," ते चालता चालता म्हणाले. "पर गुरुवारी तीन ते पाच हितं रागवायचं न्हाय. जमत नसंल तर आत्ताच सांगा, मी दुसरं शेड बघतो."

"माझ्या शेडात मीच रागवायचं न्हाय?"

"व्हय."

आयुष्यात मला असं कुणी सांगितलं नव्हतं. नाही म्हणणार होतो. पण दुसरं शेड म्हणजे रस्त्यापलीकडच्या व्यापाऱ्याचं, हे मला लगेच दिसलं. गुरुवारचे क्रेट मी शुक्रवारी सकाळी परत निवडून घ्यायला लागलो.

हे सगळं कशासाठी, ते त्यांनी एकदाच सांगितलं. तेही मी विचारल्यावर नाही, मोपेडची पंक्चर काढायला थांबलो होतो तेव्हा.

"गाय वैरण खात न्हाय म्हणून मला बोलावत्यात. मी गोठ्यात जातो. आतल्या खोलीत पोरगं चार दिवस भिंतीकडं तोंड करून पडलेलं असतंय, त्याचं कुणी बोलत न्हाय. मी विचारलं तर म्हणत्यात, अभ्यास करून दमलाय. पणदऱ्यात एका घरी एक पोरगा हुता. गाय तपासून झाली की हातावर पाणी घालायला तोच यायचा. एकदा म्हणाला, डॉक्टर, जनावराला झोप लागत नसंल तर काय देता? मी म्हणलं, जनावर झोपतंय की. आन् हसलो."

दोरीला गाठ मारली, सोडली.

"पुढच्या खेपेला हातावर पाणी घालायला दुसरंच कुणीतरी आलं."

त्यानंतर ते कुणालाच समोरून काही विचारत नसत. बिचकलेल्या जनावराकडे बाजूने जायचं, हात त्याच्या नजरेच्या खाली ठेवायचा, आणि ते आपलं काम करत असेल तर करू द्यायचं, हे त्यांचं सगळं शास्त्र. "धार काढताना बाया मला समदं सांगायच्या," ते म्हणत. "त्याच बाईला वसरीवर खुर्ची देऊन बसवा. पदर सावरून गप." मुलं काही बोलली की त्यांचं उत्तर एकच: "बरं. पुढं?"

पण आपल्याला यातलं कळत नाही, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. "मी नाडी बघणारा गडी. ज्याचं जास्त हाय त्याला शिकलेलं माणूस पाहिजे," असं म्हणत फेऱ्या मारायचे. बारामतीत समुपदेशनाचं शिक्षण घेतलेली एक मुलगी त्यांनी हेरून ठेवली होती. ती दर आठवड्याला यायला तयार होती, पण तिलाही पोट होतंच, फुकट कशी येणार?

इथे मी आलो. गावोगावच्या संस्थांना तरुणांच्या मानसिक आरोग्यासाठी सरकार पैसे देतंय, ही बातमी डॉक्टरांना नव्हती. ती मी पंचायत समितीत दुसऱ्याच कामाला गेलो असताना उचलली. अर्ज मी भरला. डॉक्टरांनी कधीकाळी नोंदवलेल्या, धूळ खात पडलेल्या मंडळाचे कागद मी हुडकले. इंदापूरला किती खेपा आणि पुण्याला किती, ते मलाच माहीत. नियमात स्वतंत्र खोली हवी होती, म्हणून शेडाचा कोपरा पत्रे मारून वेगळा केला, गोल मांडायला खुर्च्या आणल्या, भाड्याचा करार केला. हो, भाडं घेणार होतो. फुकट काय म्हणून?

डॉक्टरांनी सगळ्या कागदांवर उभ्यानेच सही केली. विचारलं एवढंच, "यातनं ती ताई येईल ना?"

"येईल."

"मग द्या."

ताई आली. स्कूटीवरून उतरली, पहिल्याच दिवशी पदर खोचून माल निवडायला उभी राहिली, आणि दोन-तीन गुरुवारांत मुलं तिच्याशी एकेकटी बोलायला मागच्या बांधावर जायला लागली. तोवर माझी खोली तयार व्हायची होती.

त्या दिवसांत माझा थोरलाही गुरुवारी शेडात यायचा. पुण्यात पाच वर्षं स्पर्धा परीक्षा देऊन तो हात हलवत परत आला होता आणि घरात कुणाशी बोलत नव्हता. मला वाटलं, आता धंद्यात लक्ष घालतोय. मी बायकोला म्हणालोही, "बघ, आलं का नाय वळणावर." टेबलाच्या कडेला उभा राहून तो फळं निवडायचा, आणि त्याचा क्रेट मला शुक्रवारी परत निवडावा लागायचा नाही.

मग बोर्ड लागला.

कराराची अटच होती: योजनेचं नाव, दर्शनी भागात, ठरलेल्या मापाचा फलक. मी चांगला रस्त्यावरून दिसेल असा, पत्र्याचा, लोखंडी चौकटीत बसवून घेतला. 'युवा मानसिक आरोग्य केंद्र.' सरपंचांच्या हस्ते नारळ फोडला, पेढे वाटले, फोटो काढले. डॉक्टर त्या वेळी रस्त्यापलीकडे मोपेडला टेकून दोरीला गाठी मारत होते.

पुढच्या गुरुवारी कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारी दोन मुली गाडीवरून आल्या, फाटकाशी वेग कमी केला, वर बघितलं आणि पाय खाली न टेकवता निघून गेल्या. तिसऱ्या गुरुवारी ताई, डॉक्टर आणि मी. आणि गोल मांडलेल्या नव्या खुर्च्या.

"बोर्ड काढा," डॉक्टर म्हणाले.

"काढा म्हंजे? अट हाय."

"शेठ, तुमच्या फाटकासमोर चहाची टपरी हाय. सोयरीक जुळवायला आलेला पाव्हणा पहिला त्या टपरीवर बसतो आन् विचारतो, पोरगं कसं हाय, पोरगी कशी हाय. ह्या बोर्डाखालनं आत गेलेली पोरगी टपरीवाल्यानं एकदा बघितली की तिचं काय हुईल ते तुमाला सांगायला पाहिजे का?"

मी बोलणी सुरू केली. बोर्ड निम्मा करू. अक्षरं बारीक करू. जरा आत सरकवू. डॉक्टर प्रत्येक वेळी नाही म्हणाले आणि प्रत्येक वेळी माझ्या बाजूला उभे राहून त्या बोर्डाकडेच बघत राहिले. शेवटी मी म्हणालो, "पुढचा हप्ता यायचाय. तेवढा येऊ द्या. बोर्ड काढला तर ताईचं मानधन कुठनं देणार, दूध विकून?"

ताई हवी होती तर बोर्ड हवा होता, आणि बोर्ड होता तोवर ताईशी बोलायला कुणी येणार नव्हतं. त्या दिवशी त्यांनी शेडाला किती फेऱ्या मारल्या ते मी मोजलं नाही, पण टपरीवाला मला नंतर म्हणाला, "डॉक्टरचं काय हरवलंय का?"

घरी थोरलाही बसला. शेडात यायचा बंद झाला. मी त्याला बोललो. दोन महिने आलास, तिसऱ्याला कंटाळलास, तुझ्या हातनं एक गोष्ट तडीस जाईल तर शपथ. तो माझ्याकडे बघत होता आणि मी त्याच्यासमोर उभा होतो. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "सकाळपासनं जेवला न्हाय." मी म्हणालो, "भूक लागली की जेवंल."

हप्त्याआधी तपासणीला साहेब येणार असल्याचं पत्र आलं. नेमका गुरुवार. रिकाम्या खुर्च्या दाखवून मी तो हप्ता हातचा घालवणार नव्हतो. क्रिकेटच्या टीमची पोरं मिसळ कबूल करून आणली. खुर्च्यांवर गोल बसवली. काय बोलायचं ते सांगितलं. यात मी वाईट काय केलं, ते मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. तपासणीला सगळीकडे हेच होतं.

साहेब सभ्य होते. एकाला विचारलं, "इथं येऊन काय वाटतं?"

"मन हलकं वाटतं, सर," पोरगा म्हणाला आणि माझ्याकडे बघितलं.

तेवढ्यात बाहेर शिडीचा आवाज झाला. मग पत्र्याचा. डॉक्टर दोन्ही हातांत बोर्ड धरून आत आले, माल निवडायच्या टेबलावर पालथा टाकला आणि साहेबांच्या उजव्या हाताला जाऊन उभे राहिले.

"साहेब, ही पोरं शेठनी आणल्यात. यांना काय झालेलं न्हाय, यांना मिसळ द्या आन् सोडा. ज्यांच्यासाठी तुमी पैसं दिलं ती ह्या बोर्डामुळं यायची थांबल्यात. ताईला राहू द्या. बोर्ड तेवढा घेऊन जावा."

साहेबांनी फॉर्मवरच्या एका रकान्यावर बोट ठेवलं. "तुमचं म्हणणं मला समजतंय," ते म्हणाले. "पण या रकान्यात फलकाचा फोटो चिकटवायचा असतो. तिथं मी काय चिकटवू?"

साहेबांनी शेरा लिहिला आणि गेले. मिसळ मात्र सगळ्यांनी खाल्ली.

साहेबांची गाडी वळायच्या आत मी डॉक्टरांना बोललो. काय बोललो ते इथे लिहीत नाही. इतकी वर्षं मार्केटात काढली, कुणी मला चारचौघांत खोटा म्हटलं नव्हतं. शेवटचं वाक्य तेवढं सांगतो: "माझ्या शेडात परत पाय ठेवायचा न्हाय."

ते उभे राहिले. पहिल्यांदाच पाय हलत नव्हते.

"न्हाय ठेवत. पर गुरुवारी शेड बंद करू नका. मी न्हाय आलो तरी चालंल, शेड उघडं ठेवा. तुमच्यासाठीच सांगतोय."

"माझ्यासाठी? माझं काय अडलंय?"

ते काहीतरी बोलणार होते. दोरीला गाठ मारली, ती न सोडताच खिशात घातली आणि गेले.

मी दोन गुरुवार कुलूप लावलं. तिसऱ्या गुरुवारी वजनकाट्याची पावती राहिली म्हणून भर दुपारी शेडावर गेलो, तर कुलूप उघडं. दुसरी किल्ली आमच्या घरी खिळ्याला असते. फाटकावरची बोर्डाची जागा रिकामी, आत ताईची स्कूटी. मानधन थांबलं होतं, तरी आली होती. पालथ्या बोर्डावर डाळिंबं पसरलेली, भोवती सहा-सात पोरं-पोरी. माझ्याकडे पाठ करून एकजण बोलत होता.

"अण्णांची गाडी अंगणात वाजली की मी झोपल्याचं सोंग घेतो. ते दारापर्यंत येतात. थांबतात. मला कळतं थांबलेत ते. मला वाटतं, आता आत येतील. मग जातात."

हात चालू होते. फळ पुसायचं, फिरवून बघायचं, ठेवायचं.

थोरल्याच्या दारात मी थांबतो, हे खरं आहे. ते त्याला माहीत आहे, हे मला माहीत नव्हतं.

माझा स्वभाव असा की अशा वेळी मी सरळ आत जाऊन समोर उभा राहतो. पाय उचललाही. मग मागून वळसा घातला, बाजूच्या दाराने आत गेलो, आणि त्याच्या उजव्या हाताला जाऊन टेबलापाशी थांबलो. त्याच्याकडे बघितलं नाही. तो ताठ झाला ते मला बाजूनेही कळलं. ताईने मान वर केली नाही. मी एक फळ उचललं, पुसलं आणि समोरच्या क्रेटमध्ये टाकलं.

"अण्णा," तो खाली बघतच म्हणाला, "त्याला डाग हाय. दोन नंबरात टाका."

मी दोन नंबरात टाकलं.

त्या आठवड्यात मी साहेबांच्या टेबलासमोर जाऊन बसलो. फलक दर्शनी भागात हवा, एवढंच नियमात आहे. केंद्राच्याच दारावर हवा असं कुठे लिहिलंय, दाखवा. आमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीइतकी दर्शनी जागा गावात दुसरी नाही. तिथे हागणदारीमुक्तीपासून गांडूळखतापर्यंत सगळ्या योजनांचे बोर्ड लागलेत, आणि आजवर एकही माणूस ते वाचताना मी बघितलेला नाही. साहेबांनी नियम दोनदा वाचला, मग पहिल्यांदा हसले. नवा बोर्ड गांडूळखताशेजारी लागला, फोटो रकान्यात चिकटला. हप्ता उशिरा आला, कापून आला, पण आला. पत्र्याची खोली मोडली. तिथे आता रिकामे क्रेट असतात.

डॉक्टर पळसदेवला आहेत असं कळलं. धरणाचं पाणी उतरलं की जिथे जुनं देऊळ वर येतं, त्या बाजूला मासेमारी करणाऱ्यांची पोरं जाळी दुरुस्त करत बसतात. तिथे आता त्यांचा मंगळवार असतो. मी गाडी काढली. मला भांडायचं होतं. माझ्या पोराचं माझ्या शेडात काय चाललंय हे त्यांना महिनोन् महिने माहीत होतं. माझ्या हातचा चहा पीत होते, आणि मला सांगितलं नाही. बापाला सांगायला नको?

ते काठावर एका फाटक्या जाळ्याशी उभे होते. मी गाडीतून उतरलो तशी त्यांनी दोरी खिशात घातली.

"सांगायचं हुतं मला," मी म्हणालो.

"त्याचं त्यानं सांगायचं. मी कोण?"

"मी बाप हाय त्याचा."

"म्हणूनच म्हणलं, शेड उघडं ठेवा." मग पाण्याकडे बघत त्यांनी विचारलं, "गुरुवारी असतं का उघडं?"

"असतं."

"जेवतो का?"

"जेवतो. रोज न्हाय. जेवतो."

"बरं," डॉक्टर म्हणाले. "पुढं?"

मी भांडलो. बोर्डाचं काढलं, मिसळीचं काढलं, साहेबांसमोर खोटं पाडलं त्याचं काढलं. मग पुण्याचं काढलं, ती पाच वर्षं काढली, त्याला बोललेला एकेक शब्द काढला, दारात थांबून परत फिरायचो ते काढलं. अर्धा तास तरी बोलत होतो. ते ऐकत होते, पाण्याकडे बघत. माझं बोलणं कुठेतरी संपलं तेव्हा माझी मान दुखत नव्हती. मी खाली बघितलं. जाळ्याचं एक टोक माझ्या हातांत होतं, ताणून धरलेलं, आणि ते त्यांनी मला कधी दिलं ते मला सांगता येणार नाही.